दादांच्या मागची जागा

शेलारदादांची पाठ फार थोड्या माणसांनी पाहिली असेल. त्या थोड्यांत मी होतो, आणि सहा वर्षं मला त्याचा गर्व होता. आता ती जागा माझ्याकडे नाही. काजूकडे आहे. काजू ही कुत्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला तिचा हेवा वाटतो हे पुढं लपणार नाही, आणि मला लपवायचंही नाही.

बडोद्यात वासण्याच्या आमच्या सोसायटीत दादा तळमजल्यावर राहायला आले ते फौजेतून निवृत्त होऊन. एकोणीस वर्षं नोकरी, हवालदाराचा हुद्दा, उंच, सरळ माणूस. दाढी पहाटे पाचला, चहा स्टीलच्या पेल्यातून, लिफ्टमध्ये पाय नाही. आणि कुठंही गेले तरी पाठ भिंतीला. चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, भिंत नसायची, तर ते लाइटच्या खांबाला टेकून उभे राहायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा सोफा सोडून फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसले. माझ्या बायकोला वाटलं, संकोचतात. संकोच कसला! फ्रिजला टेकलं की दार, खिडकी आणि स्वयंपाकघर, तिन्ही एकदम दिसायचं. पुढं ते स्टूल तिनं तिथून कधी हलवलं नाही.

"कसे आहात" असं त्यांनी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. ते म्हणायचे, "रिपोर्ट?" आणि मला म्हणायचे, "काय ग्रॅज्युएट, रिपोर्ट?"

ग्रॅज्युएट हे नाव त्यांनीच ठेवलं. माझे वडील इथल्या रेल्वे यार्डात खलाशी होते, खानदेशातून आलेले. आमच्या सगळ्या भाऊबंदांत बी.कॉम. झालेला पहिला मी. विमा कचेरीत खुर्ची मिळवली ती त्या कागदाच्या जोरावर, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. दुसरं कुणी ग्रॅज्युएट म्हणालं असतं तर टोमणा वाटला असता. दादा म्हणायचे तेव्हा हुद्द्यासारखं वाटायचं.

ओळख झाली ती दिवाळीत. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि मी स्कूटर काढायला गेलो तर दोन गाड्यांच्या मध्ये हा सहा फुटी माणूस पालथा पडलेला, दोन्ही हात डोक्यावर. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेलो तर श्वास धाप लागल्यासारखा आणि शर्ट घामानं भिजलेला. काय करावं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या मागच्या बाजूला फरशीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं, मान न वळवता, त्यांनी विचारलं, "मागे कोण?"

मी म्हटलं, "मी आहे. दुसऱ्या मजल्यावरचा."

ते उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी फिरायला येशील?"

तेव्हापासून आमचं फिरणं सुरू झालं. सोसायटीपासून चार रस्त्यापर्यंत आणि परत. ते पुढं, मी दोन पावलं मागं. शेजारी चाललेलं त्यांना चालत नसे. शेजारचा माणूस पुढचंच बघतो, त्याचा काय उपयोग, असं ते म्हणायचे. वीसेक पावलं झाली की मान थोडी वळायची आणि विचारायचे, "मागे?" मी म्हणायचो, "मी आहे." की पुन्हा वीस पावलं. आमच्या समोरचे जिग्नेशभाई बाकावरून रोज हसायचे. एकदा म्हणाले, "हवालदारसाहेब, आ तमारो बॉडीगार्ड तो बहु पातळो छे!" मी खरंच किडकिडीत आहे. दादा थांबले आणि म्हणाले, "पातळो छे, पण जागतो छे." त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

फौजेत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदाच, बाजारचौकात सिग्नलला उभे असताना म्हणाले, "माझ्या मागे दोघं होते. मी वळलो तेव्हा नव्हते." आणि लगेच मला विचारलं की टोमॅटो काय भाव झालेत. मी भाव सांगितला. त्यापलीकडे मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही.

मंदावहिनी, त्यांची बायको, त्यांना झोपेत हात लावायची नाही. एकदा लावला होता तेव्हा तिचं मनगट महिनाभर बांधलेलं होतं. मग ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून लांबून हाका मारायची, "अहो, बडोदा आहे हे, बडोदा." शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली. तो कागद वहिनी माझ्याकडे घेऊन आली, कारण त्या घरातले इंग्रजी कागद माझ्याकडेच येत. मी समजावून सांगितलं की पीटीएसडी म्हणतात याला. जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा धक्का मनातून जात नाही, प्रसंग संपला तरी शरीर पहारा सोडत नाही. वहिनीनं विचारलं, "म्हणजे वेड नाही ना भाऊजी?" मी म्हटलं, नाही. ती रडली नाही, पण जाताना कागद देवाच्या फोटोमागे ठेवते म्हणाली.

हे सगळं चालण्यासारखं होतं. पण ऋतूचं लग्न ठरलं.

ऋतुजा ही दादांची एकुलती एक. मुलगा शहरातल्या वाडी भागातला, जुन्या संस्थानी नोकरदारांचं घराणं, घरात तीन पिढ्या शिक्षक. साखरपुड्याला शंभर माणसं, बंद हॉल, स्टीलच्या ताटांचा खणखणाट. दादा दहा मिनिटं टिकले. उरलेला कार्यक्रम त्यांनी खाली गाडीत काढला, मी मागच्या सीटवर. वर अंगठ्या घातल्या जात होत्या आणि खाली बाप स्टिअरिंगवर मूठ आवळून बसलेला. निघताना ऋतू नव्या साडीतच खाली आली, काचेजवळ वाकली आणि म्हणाली, "बाबा, लग्नात तुम्ही माझ्या मागे उभे राहायचं. बाकी काही केलं नाही तरी चालेल." दादांनी मान हलवली. लग्नाला दहा महिने होते.

डॉक्टरांनीच परमारभाईंचं नाव सुचवलं. हे फौजेच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले, सावली गावाजवळ शेत, तिथं कुत्री शिकवायचे. मी सोबत गेलो होतो. मला वाटलं होतं, राखणीचं कुत्रं देतील. परमारभाईंनी दादांना लिंबाखाली बाजेवर बसवलं, तेही झाडाला न टेकता, मोकळ्यावर, आणि काजूच्या रंगाची एक लॅब्राडोर कुत्री सोडली. ती आली, दादांचे हात हुंगले, एक फेरी मारली आणि त्यांच्या मागं जाऊन तोंड उलट्या दिशेला करून बसली. तिची पाठ त्यांच्या पाठीला. दादांनी मान वळवली, मग पुन्हा पुढं केली. पंधरा मिनिटं ते तसे बसले. मी सहा वर्षांत त्यांना भिंतीशिवाय पंधरा मिनिटं बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी तिला यच् यच् करून बोलावलं. परमारभाई म्हणाले, "साहेब, एने बोलावशो नहीं. ए नोकरी पर छे."

आठ महिने शिक्षण चाललं, तिचं आणि दादांचंही. हात थरथरायला लागले की तिनं नाक खुपसून लक्ष वेधायचं. झोपेत ओरडले की दिवा लागायची वाट न बघता अंगावर पाय ठेवून उठवायचं. तिला हाताचा फटका बसला तरी ती मागं सरायची नाही. गर्दीत पाठीशी आडवं उभं राहायचं, म्हणजे मागून कुणी चिकटणार नाही. आणि फारच झालं तर सगळं वजन मांड्यांवर टाकून पडून राहायचं. परमारभाई सांगायचे, वजन पडलं की माणूस जमिनीवर येतो. वहिनीनं तिला खाकी कापडाचं जाकीट शिवलं. कित्येक वर्षांनी वहिनी सकाळी उठून म्हणाली, रात्री झोप लागली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं फिरायला निघालो आणि माझी जागाच राहिली नाही. दादा, त्यांच्या मागं काजू, काजूच्या मागं मी. चार रस्ता आला. दादांनी एकदाही विचारलं नाही. परतताना मी मुद्दाम खाकरलो. काजूनं बघितलं, दादांनी नाही.

घरी बायको म्हणाली, "अहो, कुत्रीशी कसली बरोबरी करताय?" मी म्हटलं, बरोबरी करतोय कोण. मी पदवीधर माणूस, दादांच्या पेन्शनचे कागद भरलेत, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललोय. ती म्हणाली, "मग भुंकून दाखवा." आणि हसून ताट वाढलं. मला हसू आलं नाही.

एका रविवारी वहिनी सांगत आली, दादा काजूला घेऊन खंडेराव मार्केटात जाऊन आले. एकटे. त्या गर्दीत, त्या आरडाओरड्यात, शाकवाल्या बायकांच्या मधून. कोथिंबिरीत फसले, निम्मी पिवळी निघाली, आणि त्यावर मोठ्यानं हसले म्हणे. "भाऊजी, मोठ्यानं!" ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी बरं बरं म्हणत होतो. सहा वर्षं मी त्यांना मार्केटात चला म्हणत होतो.

मग मी एक हलकट गोष्ट केली. खिशात ग्लुकोज बिस्किटं ठेवायला लागलो. लारीवर दादा चहा पीत असले की मी लांबून एक बिस्कीट काजूला दाखवायचो. बघू दे तरी, जनावर ते जनावर. तिची नजर बिस्किटावर जायची, तोंडाला पाणी सुटलेलं दिसायचं, मग ती दादांच्या पाठीकडे बघायची आणि तिथंच उभी राहायची. आठवडाभर मी हे केलं. शेवटी ती बिस्किटं मीच चहात बुडवून खाल्ली.

लग्न पंधरा दिवसांवर आलं तेव्हा वहिनीनं मला विचारलं की काजू मांडवात चालेल ना. दादांना विचारलं नव्हतं, वाडीच्या लोकांना विचारलं नव्हतं. मला विचारलं. शिकलेला माणूस, चारचौघांत वावरलेला, म्हणून. मी चेहरा गंभीर केला. म्हटलं, "वहिनी, जुनं घराणं आहे. सोवळंओवळं असेल. होमाशेजारी कुत्रं म्हणजे व्याही काय म्हणतील? मी आहे ना. मी उभा राहतो दादांच्या मागं."

वाडीच्या कुणाशीही मी यावर एक शब्द बोललो नव्हतो.

दादांनी ऐकून घेतलं आणि काजूच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "ग्रॅज्युएट आहे ना मागे, मग ठीक."

मी तयारीत कसर ठेवली नाही. बॅंड नाही, फटाके नाहीत, फक्त टाळ्या, हे हॉलवाल्याकडून, गुरुजींकडून, सगळ्यांकडून वदवून घेतलं. काजूला परमारभाईंसोबत वरच्या खोलीत ठेवायचं ठरवलं. शिवाय मी एक मंगलाष्टक रचलं. शार्दूलविक्रीडितात, गणांना चोख, दोन्ही कुळांची नावं गुंफलेली. आमच्या घरातल्या कुणी आजवर सही आणि निरोपाच्या चार ओळींपलीकडे काही लिहिलं नव्हतं. मी आठ दिवस मोरीत गुणगुणत होतो.

मुहूर्ताला अंतरपाट धरला. ऋतू पाटावर, तिच्या उजवीकडे मामा, मागे दादा, दादांच्या मागे मी. चारी बाजूंनी माणसं हातात अक्षता घेऊन दाटलेली. पहिलं अष्टक झालं, अक्षता पडल्या. मान थोडी वळली. "मागे?" मी म्हटलं, "मी आहे." दुसरं, तिसरं. दर वेळी विचारलं, दर वेळी सांगितलं. त्यांच्या मानेवर घाम होता, पण पाय रोवलेले होते. मला वाटत होतं, वरच्या खोलीतल्या तिला हे दिसायला हवं.

शेवटचं अष्टक माझं. गुरुजींनी माइक पुढं केला. वायर पुरेना. फार नाही, चार पावलं कमी पडत होती. गुरुजींनी मला खुणेनं बोलावलं.

मी गेलो. चारच तर पावलं. बिस्किटासाठी काजूनं जागा सोडली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं नाही. तेव्हापासून रोज आठवतं.

पहिल्या दोन ओळी छान लागल्या. लोक माझ्याकडे बघायला लागले. आणि मला समोरून दिसलं, दादांची मान वळली. ओठ हलले. उत्तर आलं नाही. मान आणखी वळली, पुन्हा ओठ हलले. मला स्पष्ट दिसलं. पण माझ्या दोन ओळी उरल्या होत्या, आणि दादांचं नाव त्याच ओळींत होतं. मी त्या म्हटल्या. सुरात म्हटल्या.

सावधान म्हणताच मागून सगळ्यांच्या अक्षता त्यांच्या मानेवर बसल्या आणि नवऱ्या मुलाच्या भावंडांनी चमकीचे कागद उडवणाऱ्या नळ्या फोडल्या. फट्, फट्, फट्. त्या नळ्यांचा विचार मी केलाच नव्हता.

दादांनी ऋतूला खाली पाडलं आणि तिच्यावर पडले. दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकलं. मुंडावळ्या तुटल्या, हार चुरगळला. मांडवात कुणी हलेना. ऋतू खालून सारखी म्हणत होती, "बाबा, मी आहे, मी आहे," पण ती पुढची होती. त्यांना मागचं कुणी हवं होतं. मी माइक धरून उभा होतो.

वहिनी जिन्याकडे धावली. परमारभाईंनी काजूला सोडलं आणि ती त्या रेशमी साड्यांमधून, अक्षतांवरून, कुणाकडे न बघता सरळ आली. दादांच्या पाठीवर आडवी झाली. हनुवटी त्यांच्या मानेवर ठेवली आणि पडून राहिली. तिनं तेवढंच केलं. माझ्या अष्टकापेक्षा ते फार लांबलं. हळूहळू दादांचा श्वास तिच्या श्वासाबरोबर चालायला लागला. त्यांचा हात ऋतूच्या डोक्यावरून सुटला, मागं गेला, आणि खाकी जाकीट चाचपलं.

ते उठून बसले. ऋतूच्या मुंडावळ्या उचलून त्यांनीच गाठ मारली. पहिली सुटली, दुसरी बसली. मग गुरुजींना विचारलं, "किती राहिलंय?"

गुरुजी म्हणाले, "माळा राहिल्यात. मुहूर्त आहे अजून."

"मग चालू द्या."

हार पडले तेव्हा दादा ऋतूच्या मागं उभे होते आणि त्यांच्या मागं काजू, तोंड उलट्या दिशेला. तो फोटो वाडीच्या घरातही लावलेला आहे. मी त्यात नाही.

जेवणाच्या वेळी नवऱ्या मुलाची आजी माझ्या शेजारी बसली होती. नव्वदीची बाई, नऊवारीत. म्हणाली, "अहो, त्या कुत्रीला आधीच का नाही आणलंत? मी मुलाला सांगून ठेवलं होतं, हवालदारांच्या शेजारी तिला पाट टाका म्हणून." वाढणारा मठ्ठा घेऊन उभा होता. समोरच्या पंगतीत वहिनी होती. तिनं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि पानातलं मीठ एका कडेला सारलं. ती मला काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दादा मात्र बोलले. निघताना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मंगलाष्टक चांगलं म्हटलंस, ग्रॅज्युएट." त्यात टोमणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. नव्हता.

त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. फिरणंही बंद केलं नाही. मीच कचेरीत काम आहे म्हणायला लागलो. वर्षभरानं ते वासणा सोडून सावलीला परमारभाईंच्या शेतावर राहायला गेले. तिथं आता आणखी फौजी येतात, कुत्र्यांना भेटायला. दादा त्यांना लिंबाखाली बसवतात म्हणे. वहिनीचा दिवाळीला फोन येतो. या म्हणते. मी येतो म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात कचेरीच्या कामानं सावलीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. बोरं, पापडी, नवे सुरे, प्लास्टिकच्या बादल्या, आणि भर गर्दी. त्या गर्दीत मला ती पाठ दिसली. रुंद, सरळ. पिशवी हातात, मागं खाकी जाकीट. काजूच्या तोंडाजवळचे केस थोडे पांढरे झालेत.

मी हाक मारली नाही. दोन पावलांचं अंतर ठेवून मागं चालायला लागलो, जुन्या सवयीनं. पावलं मोजत होतो. वीस झाली. चाळीस झाली. आता वळतील. एका लारीवाल्याचा भोंगा अगदी कानाशी वाजला. खांदा किंचित उचलला गेला आणि खाली आला. साठ. ऐंशी. ज्या माणसानं सहा वर्षं वीसच्या वर पावलं न विचारता टाकली नाहीत तो सगळा बाजार पार करून गेला आणि एकदाही मागं वळला नाही.

वळली ती काजू. तिनं मला पाहिलं, नाक वर करून वास घेतला, शेपटी एकदा हलवली. दादांना सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलं नसावं. ती पुन्हा तिच्या कामाला लागली.

मी थांबलो. ते दोघं बोरांच्या लाऱ्यांपलीकडे गेले तेव्हा मी हळूच म्हटलं, "मी आहे."

विचारलं कुणीच नव्हतं.